हातचा

महिन्याची पहिली तारीख. रोसारिओत
दुकानांच्या काचेवरचे आकडे रात्रीतून बदलतात,
पावाचा, पेट्रोलचा, बुटाच्या तळव्याचा.
आणि मेंदोसा रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर
ओफेलिया किरोगा, मानसशास्त्रज्ञ,
घसा खाकरून म्हणते,
"एवारिस्तो, या महिन्यापासून फी..."
आकडा सांगताना माझ्याकडे बघत नाही,
कुंडीकडे बघते.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस.
घासाघीस केल्याशिवाय मला घास उतरत नाही.
म्हटलं, पन्नास मिनिटं, दोन खुर्च्या,
त्यातल्या एकीवर मी.
बोलतो तोही मीच.
यात तुमचा माल कुठला?

वाटलं, चिडेल.
तिनं माझीच जुनी पावती उलटी केली
आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

खोलीचं भाडं, तेही तासावर;
खोली तिची नाही, सोमवारी इथे कुणी इटालियन शिकवतं.
मी गेल्यावरची वीस मिनिटं,
माझं बोलणं वहीत उतरवण्याची.
कर. विमा.
कागदी रुमालांचा खोका, "ज्याला तुम्ही
अजून हात लावलेला नाही."
एक गुरुवार सोडून एका गुरुवारी
ती सत्तरीच्या एका बाईंकडे जाते,
तिथे स्वतः पैसे मोजते,
माझ्यासारख्यांच्या बाबतीत आपलं काय चुकतंय ते विचारायला.
(म्हणजे माझं नाव गाळून माझी गोष्ट
या शहरात आणखी एका खोलीत जाऊन बसते.
मला हे आवडलं की नाही, अजून ठरलेलं नाही.)
शिक्षण फुकट होतं, म्हणाली,
पण ती सहा वर्षं मी रात्री
औषधाच्या दुकानात उभी होते.
त्या उभं राहण्याचे किती लावू?
आणि रिकामा तास:
येतो म्हणतात आणि येत नाहीत,
त्यांच्यासाठीही दिवा लावून बसावं लागतं.

मग पेन थांबलं.
"ही ओळ कुणी विचारत नाही.
मंगळवारी एक पोरगा येतो.
देतो ते बसच्या तिकिटाएवढं.
त्याचं उरलेलं तुम्हा सगळ्यांत थोडं थोडं मिळवते,
शाळेत हातचा मिळवायचो तसं."

हातचा.
बेरजेच्या खाली तो कुठेच दिसत नाही.

मला एकदम जून आठवला, बाल्कार्से रस्त्यावरची इमारत,
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकलेली लिफ्ट.
चार मिनिटांत सोडवली.
मालकीणबाई म्हणाल्या, चार मिनिटांचे एवढे?
मी गप्प पैसे घेतले.
सांगितलं नाही की त्या आकड्यात नेस्तोर आहे,
अठरा वर्षं माझ्यासोबत विहिरीसारख्या त्या अंधारात उतरलेला नेस्तोर,
जो मार्चमध्ये सातव्या मजल्यावर एकटा होता,
कारण मी खाली गेलो होतो,
पकड आणायला,
आणि खरं तर पकड आणायला नाही,
सिगारेट ओढायला.

हे मी मोठ्यानं बोललो.
मे महिन्यापासून इथे येऊन
फुटबॉल, भावाची जमीन, झोप, पुन्हा फुटबॉल,
आणि आज, फीवर भांडता भांडता.

ती काही म्हणाली नाही. घड्याळ
तिच्या मागे होतं, मला दिसत होतं:
पन्नास होऊन गेली, साठ, बासष्ट.
ती वरची बारा मिनिटं तिनं
कागदावर लिहिली नाहीत.
मीही विचारली नाहीत.

नवा आकडा मोजून दिला. नोटांचा गठ्ठा
खिशात होता तेव्हा जाड होता, टेबलावर पातळ दिसला.

नेहमीसारखा जिन्यानं उतरलो.
शेजारून लिफ्ट खाली जात होती, आवाज ओळखीचा,
दोर एका बाजूला घासतोय.
दारवानाला म्हटलं, शनिवारी येऊन बघतो.
"किती घ्याल?"
मी आकडा कधी मागाहून सांगत नाही, तोंडावर असतो.
म्हटलं, थांब जरा,
हिशेब करून सांगतो.